आजारी माणसाच्या घरी दिवाळीला काय न्यावं

दिवाळी तोंडावर आली की मला ठरावीक फोन येतात. "काकू, मामांना पॅरालिसिस झालाय, भेटायला जायचंय, काय नेऊ?" "सासूबाई अंथरुणावर आहेत, जाऊबाई एकट्या सगळं करतात, त्यांना साडी घेऊ का?" मी पालिकेच्या रुग्णालयात परिचारिका होते म्हणून लोक विचारतात. तिथे मी औषधं, सलाईन, ड्रेसिंग शिकले. भेट काय न्यावी हे मात्र घरात शिकले, आमच्या ह्यांना अर्धांगवायूचा झटका आल्यावर. त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचाही बरीचशी गेली. हे शाळेत चित्रकला शिकवायचे. आता डावा हात, मोजके शब्द आणि नजर, एवढ्यावर त्यांचा व्यवहार चालतो. ठाण्यातल्या आमच्या दोन खोल्यांत त्यानंतर ज्या दिवाळ्या झाल्या, त्यांत काय आलं, काय रोज वापरात राहिलं आणि काय फळीवर पडून राहिलं, त्यावरून हे लिहिते आहे.

पहिली गोष्ट, दोन भेटी न्या. एक आजाऱ्याची, एक त्याचं करणाऱ्याची. मिठाईचा एकच खोका "सगळ्यांसाठी" म्हणून टेबलावर ठेवला की तो कोणाचाच होत नाही. आजाऱ्याला त्यातलं खायचं नसतं, करणारीला खायला सवड नसते, आणि खोका दुसऱ्या दिवशी पाहुण्यांपुढे फिरतो. छोट्या का होईना, दोन वेगळ्या पिशव्या घ्या आणि ज्याची त्याच्या हातात द्या. आजाऱ्याची भेट त्याच्या उशाशी जाऊन, त्याच्याकडे बघत द्यायची. त्याच्या बायकोच्या हातात "यांच्यासाठी आणलंय" म्हणून ठेवायची नाही. बोलता येत नसलं तरी माणसाला पुष्कळ कळत असतं.

दुसरी गोष्ट, खरेदीच्या आधी फोन करा, पण "काय आणू?" असं विचारू नका. त्याचं उत्तर सगळ्या घरांत एकच असतं, "काही नको हो, तुम्ही या." त्यापेक्षा त्या घरातला दिवस कसा जातो ते विचारा. जेवण नेहमीचं चालतं की मऊ लागतं? आंघोळ कोण घालतं? रात्री कितीदा उठावं लागतं? दुपारी दोघं काय करतात? असं विचारलं की काय न्यायचं ते आपोआप कळतं. माझ्या भाचीने मला विचारलं होतं, "मामी, तू ओट्यापाशी असताना मामांना काही हवं असलं तर तुला कळतं कसं?" ह्यांना हाक मारता येत नाही. हे चमच्याने खाटेचा लोखंडी गज वाजवायचे, आणि कुकरच्या शिट्टीत ते मला ऐकू जायचं नाही. भाचीने त्या दिवाळीला दाराला लावतात तशी बिनतारेची बेल आणली. बटण खाटेच्या डाव्या गजाला पट्टीने बांधलं, बेल स्वयंपाकघरात लावली. पाच-सातशे रुपयांची वस्तू, पण आमच्या घरात आलेली सर्वांत मोलाची भेट ती. तुम्ही देणार असाल तर बटणातला छोटा सेल एक जास्तीचा सोबत द्या.

फराळ

यात सर्वांत जपायला हवं. अर्धांगवायूनंतर पुष्कळांची गिळण्याची ताकद कमी होते. पार्किन्सन आणि स्मृतिभ्रंशाच्या पुढच्या टप्प्यातही तेच होतं. घास किंवा पाणी श्वासनलिकेत उतरतं, आणि त्यातून न्यूमोनिया होतो. काहींना तर ठसकासुद्धा लागत नाही, त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं छान खाताहेत. चिवडा, चकली, शेव, शंकरपाळे, शेंगदाणे हे कोरडे, भुगा होणारे किंवा कडक पदार्थ अशा माणसासाठी धोक्याचे. बेसनाचा लाडू टाळूला चिकटून बसतो. चिवडा दुधात भिजवून देणं तर आणखी वाईट, कारण पातळ आणि घट्ट एकाच घासात आलं की कमजोर घशाला ते सांभाळता येत नाही.

मग काय न्यायचं? सगळीकडून एकसारखं मऊ असेल ते. घट्ट श्रीखंड, गुठळ्या नसलेला तूप सुटलेला शिरा, बारीक घोटलेला दुधी हलवा, आटवून घट्ट केलेली आणि मिक्सरमधून काढलेली बासुंदी. बदाम-पिस्त्याचे काप वरून घालू नका, वेलची बारीक पूड करून घाला. एवढं करूनही त्या घरी विचारल्याशिवाय घास भरवू नका. पाहुण्याने प्रेमाने, आडव्या पडलेल्या माणसाच्या तोंडात लाडू घालणं मी वॉर्डातही थांबवलं आहे आणि घरीही. खाताना माणूस ताठ बसलेला हवा आणि खाल्ल्यावरही अर्धा तास तसाच बसलेला हवा. आमच्याकडे माझी धाकटी जाऊ दर वर्षी श्रीखंडाची वाटी वेगळी, त्यावर ह्यांचं नाव लिहून आणते. बाकीचे फराळाची ताटं घेऊन बसतात तेव्हा ह्यांच्या हातातही दिवाळीचं काहीतरी असतं. माणसांबरोबर खाण्यातला आनंद मोठा आहे, तो आजाऱ्याच्या वाट्याला आलाच पाहिजे.

मधुमेहाच्या घरी "शुगर फ्री" लिहिलेली मिठाई नेऊन निर्धास्त होऊ नका. त्यात घातलेली साखर नसली तरी खवा, मैदा, बेसन असतंच, आणि खजूर-अंजिराच्या बर्फीत फळांची भरपूर साखर असते. डायलिसिसवर असलेल्यांकडे सुका मेवा, शहाळी, केळी, संत्री नेऊ नका. त्यांच्या रक्तात पोटॅशियम साचतं आणि ते हृदयाला घातक ठरू शकतं. कमी सोडियमचं म्हणून जे मीठ मिळतं, त्यात सोडियमच्या जागी बहुधा पोटॅशियमच घातलेलं असतं, तेही नको. सरबतांच्या बाटल्याही नकोत, कारण त्यांना दिवसाला पाणी मोजून मिळतं. अशा घरी खाण्याचं काही नेऊच नये, असं माझं मत आहे.

अभ्यंग आणि नवे कपडे

नरक चतुर्दशीच्या पहाटेची आंघोळ अंथरुणावरच्या माणसालाही हवी असते. मोतीच्या गोल साबणाचा वास आला की ह्यांचा चेहरा उजळतो, म्हणून तो साबण द्यायला माझी ना नाही. पण उटणं जपून. म्हाताऱ्या आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कातडी पातळ झालेली असते, खरखरीत उटण्याने ती सोलवटते. पाठीवर, माकडहाडापाशी, टाचेवर लाल झालेली जागा असेल तर तिथे तेल चोळू नका. ती बेडसोरची, म्हणजे सतत दाब पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात असू शकते आणि चोळल्याने आतली इजा वाढते. जे मोरीपर्यंत चालत जातात त्यांच्या पायांना तेल नको, फरशीवर पाय घसरतो. यापेक्षा मऊ पंचे द्या, सौम्य मॉइश्चरायझर द्या, मोरीत बसायची पाठ असलेली भक्कम खुर्ची द्या, जमत असेल तर भिंतीला धरायचा दांडा मिस्त्रीला बोलावून बसवून द्या. दांडा बसवून देणं ही भेट म्हणून कोणाला सुचत नाही, पण तो पुढची कितीतरी वर्षं हाताशी राहतो.

कपडे घेताना माणूस कपड्यात शिरतो कसा याचा विचार करा. उजवा हात हलत नसेल तर डोक्यातून घालायचा झब्बा म्हणजे दोघांनाही घाम फोडणारं काम. समोरून पूर्ण उघडणारा, शक्यतो वेल्क्रो लावलेला सदरा घ्या. पायजम्याला नाडीऐवजी सैल इलास्टिक हवं. कापड सुती, पाठीला जाड शिवण किंवा बटणं नकोत. आमच्या शेजारच्या आजी जन्मभर लुगडं नेसल्या. त्या अंथरुणाला खिळल्यावर घरच्यांनी गाऊन आणले, तर त्या पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घ्यायच्या, पाहुण्यांसमोर तोंड फिरवायच्या. त्यांच्या नातसुनेने आजींच्याच जुन्या इरकलीचे काठ सोडवून मऊ सुती गाऊनला लावले आणि वर घ्यायला त्याच कापडाचा पदर शिवला. त्या दिवाळीला आजींनी पांघरूण स्वतःहून खाली सारलं. पाच मिनिटं त्यांच्या जुन्या सवयींचा विचार केला म्हणून ती भेट सुचली.

आजाऱ्यालाही द्यायचं असतं

हे मला सर्वांत कळकळीने सांगायचं आहे. आजारी माणूस सतत घेत असतो. औषध घ्या, घास घ्या, मदत घ्या. सणाला त्याला काही देता आलं पाहिजे. पाडव्याला बायकोने ओवाळलं की नवऱ्याने ओवाळणी घालायची, भाऊबीजेला बहिणीला द्यायचं, ही आपली रीत. खाटेवरचा भाऊ काय देणार, म्हणून बहिणीनेच गुपचूप पाकीट आणून उशीखाली ठेवलेलं मी पाहिलं आहे. तसं करू नका. दोन दिवस आधी कोणीतरी त्याच्याजवळ बसा, मोबाइलवर दोन-चार वस्तू दाखवा आणि निवडू द्या. हो-नाही एवढं मानेने सांगता आलं तरी निवड करता येते. पुतण्याने असंच ह्यांच्याजवळ बसून पाडव्यासाठी माझी साडी निवडून घेतली होती. त्याने दाखवलेल्या पहिल्या तिन्ही साड्यांना ह्यांनी मान हलवून नकार दिला आणि चौथीवर बोट ठेवलं. गर्द जांभळी, बारीक काठाची. रंगांची त्यांची पारख कुठे गेलेली नाही. वन्सं भाऊबीजेला येतात तेव्हा ओवाळणीचं पाकीट ह्यांच्या डाव्या हातात आधीच दिलेलं असतं, आणि तबकात ते हेच टाकतात. हात थरथरतो, वेळ लागतो. लागू द्यावा.

मुलांना घेऊन जाणार असाल तर त्यांनाही काही आणायला सांगा. आमच्या मजल्यावरच्या पोरांनी एकदा अंगणातल्या किल्ल्यासारखा एक छोटा किल्ला मोठ्या परातीत केला, माती थापली, अळीव पेरलं आणि परात खाटेवरच्या टेबलावर आणून ठेवली. मावळे कुठे उभे करायचे ते सरांनी सांगायचं ठरलं. ह्यांनी डाव्या हाताने एकेक मावळा ठेवला, बुरूज चुकीचा होता तो पाडायला लावला. पोरं दोन दिवस येत राहिली.

ह्यांच्यासाठी आलेल्या दुसऱ्या एका भेटीचंही सांगते. जुन्या विद्यार्थ्याने जाड मुठीचे ब्रश, कागद घट्ट धरणारी चिमटे लावलेली पाटी आणि रंग आणले. याउलट, हत्ती-घोड्यांची रंगवायची पुस्तकंही लोक आणतात. प्रौढ माणसाला बालवाडीतली वस्तू देऊ नये. हात अडखळत असला तरी मन वयाचंच असतं. चमच्याची मूठ जाड करून दिली, काठ उभा असलेली ताटली दिली, तर माणूस स्वतःच्या हाताने जेवू शकतो, ही त्या वयाला शोभणारी भेट.

दिवे आणि आवाज

घरात ऑक्सिजनचं यंत्र किंवा सिलिंडर असेल तर पणत्या, मेणबत्त्या, उदबत्त्या त्या खोलीत अजिबात नेऊ नका. ओवाळायचं असेल तर तबकात सेलवरची पणती ठेवा. दमा किंवा फुफ्फुसाचा आजार असेल तर सुगंधी मेणबत्ती, अत्तर, धूप यांचे डबेही नकोत. स्मृतिभ्रंशाच्या माणसाला फटाक्यांचा आवाज कळत नाही, नुसती भीती वाटते. तिन्हीसांजेला त्यांची घालमेल तशीही वाढलेली असते. त्या वेळी जवळ बसून जुनी गाणी लावणं हीच भेट. बटणं कमी आणि मोठी असलेला, गाणी आधीच भरलेला प्लेअर मिळतो, 'कारवां'चा मराठी गाण्यांचाही येतो. मोबाइल त्यांना झेपत नाही, हा झेपतो. आणि आकाशकंदील देणार असाल तर नुसता देऊ नका, तो खाटेवरून दिसेल अशा खिडकीत टांगूनच या.

स्मृतिभ्रंश असलेल्या घरी दिवाळीत नव्या वर्षाचं 'कालनिर्णय' द्या. १९७३ पासून ते घराघरांत आहे, त्यामुळे त्या पिढीच्या नजरेला त्याची मांडणी ओळखीची असते. खाटेसमोर नजरेच्या उंचीवर लावा आणि रोज सकाळी झालेल्या दिवसावर फुली मारायचं काम त्यांना द्या. जुन्या फोटोंखाली ठळक अक्षरांत नावं आणि नाती लिहून केलेला छोटा अल्बमही फार उपयोगी पडतो.

करणारीसाठी

करणारा पुरुषही असतो, पण आपल्याकडे बहुतेक घरांत ती बायको, सून किंवा मुलगी असते. तिच्याकडे नसतो तो वेळ. अंथरुणावरच्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, रात्रीसुद्धा. तिला पार्लरचं कूपन किंवा नाटकाचं तिकीट द्याल, तर त्या चार तासांसाठी बसणारा माणूसही द्या, नाहीतर ते तिकीट फ्रिजवर चिकटून राहतं. "काही लागलं तर सांग" म्हणू नका, ती सांगणार नाही. "गुरुवारी चार ते सात मी बसते, तू बाहेर जा" असं वार आणि वेळ घालून सांगा. दिवाळी पहाटेला समोरच्या ताई पाच वाजता दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही जा तलावपाळीला, मी आहे सरांजवळ." मी तिथलं दिवाळी पहाटेचं गाणं ऐकून, चहा पिऊन, उजाडल्यावर घरी आले. ताईंनी चार दिवस आधी येऊन कूस कशी बदलायची, पाणी श्वासनलिकेत उतरू नये म्हणून ते किती घट्ट करून द्यायचं, हे माझ्याकडून शिकून घेतलं होतं, म्हणून मी निश्चिंत होते. नुसतं बसायला येऊ नका, आधी शिकून घ्या.

तुम्ही दूर राहत असाल, पुण्यात, बेंगळुरूला किंवा परदेशात, तर एका रात्रीच्या आयाचे पैसे द्या. तिला सलग झोप मिळेल. किंवा घराजवळच्या औषधाच्या दुकानात फोन करून त्यांच्या खात्यावर रक्कम भरा. रोख पाकीट दिलं तरी उत्तम, त्यात कमीपणा नाही. सहा महिन्यांचं आजारपण घराचा हिशेब पार उलटा करतं, आणि पाकीट दिवाळीच्या नावाने आलं की घेणाऱ्याला संकोच वाटत नाही.

वस्तूच द्यायची तर चहा गरम राहील असा स्टीलचा फ्लास्क द्या, कारण तिचा चहा रोज थंड होतो. सतत हात धुऊन कातडी फाटते, त्यासाठी बिनवासाचं क्रीम. घरात घालायच्या, न घसरणाऱ्या चपला. दिवाळी अंक तर जरूर द्या. १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाने दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची ही आपली चाल आजारपणाच्या घराला अगदी योग्य आहे. कादंबरीत बुडायला सवड मिळत नाही, पण औषधं आणि जेवण यांच्या मधल्या पाव तासात एक कथा होते. आमच्याकडे कथा मी वाचते आणि व्यंगचित्रं हे बघतात.

डायपर, अंडरपॅड, हातमोजे हेही द्यावेत, महागडे असतात आणि रोज लागतात. माप कंबर-नितंबाच्या घेरावर असतं, ते फोनवर विचारून घ्या. हे सामान खाकी कागदात गुंडाळून तिच्या हातात स्वयंपाकघरात द्या. आजाऱ्यासमोर, चार पाहुण्यांत काढू नका.

पगारी माणसाला विसरू नका

नर्सिंग ब्यूरोतून आलेली आया, मावशी, ब्रदर बारा-बारा तास ते काम करतात जे आपण पाहुणे म्हणून बघायलाही थांबत नाही. शहरात घरकामाच्या माणसाला दिवाळीला एक पगार बोनस देण्याची रीत आहे, ती यांनाही लागू करा आणि रक्कम ब्यूरोकडे न देता त्यांच्या हातात द्या. उरलेला फराळ आणि वापरलेली साडी ही भेट नव्हे. आमच्या मावशी जालन्याकडच्या आहेत. त्यांना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "भाऊबीजेला गावी जायचंय." त्यांनाही भाऊ आहे. दोन दिवस माझा पुतण्या येऊन राहिला आणि मावशींना बोनसबरोबर जाण्यायेण्याचं एसटीचं भाडंही दिलं.

कर्करोगाच्या उपचारांसाठी गावाहून मुंबईला येऊन राहिलेल्या कुटुंबाकडे जाणार असाल तर हे सगळं बदलतं. परळच्या टाटा रुग्णालयाच्या आसपास, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत अशी किती कुटुंबं सणावारी असतात. त्यांच्याकडे सामान ठेवायला जागा नसते. मोबाइलचा रिचार्ज, घरचं ताजं गरम जेवण, कपडे धुऊन आणून देणं, हे त्यांना हवं असतं. किमोमध्ये तोंड सोलवटतं, तिखट चिवडा झोंबतो. मऊ दातांचा ब्रश आणि डोक्याला सुती टोपी द्या. पांढऱ्या पेशी कमी असताना फुलं आणि न धुतलेली फळं नेऊ नका, आणि तुम्हाला सर्दी असेल तर जाऊच नका, फोन करा.

काय नेऊ नये याबद्दल एवढंच की कोणीतरी सांगितलेलं तेल, काढा, चूर्ण, "याने अमुक माणूस उठून चालायला लागला" असं सांगत देऊ नका. रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्यांबरोबर काही वनस्पतींची औषधं जमत नाहीत, आणि तुमच्यासमोर "नको" म्हणायचं ओझं करणारीवर पडतं.

बांधणीही विचाराने करा. चिकटपट्ट्यांनी गच्च बांधलेला खोका एका हाताने उघडत नाही. तोंड मोकळं असलेली कापडी पिशवी घ्या, म्हणजे आजाऱ्याला स्वतः हात घालून वस्तू बाहेर काढता येईल. कपड्यांचं आणि डायपरचं बिल आत ठेवा, माप चुकलं तर बदलून आणता येतं. आणि निघण्याआधी फोन करून जेवणाची, झोपेची वेळ विचारून घ्या. आमच्याकडे दुपारी एक ते चार नको, संध्याकाळी साडेपाच उत्तम.